उजव्या खांद्याची साक्ष

तलासरी
९ जानेवारी २०१७

ताई,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. एक तर तुझ्या आश्रमशाळेत रेंज नसते, आणि दुसरं म्हणजे केसबद्दल फोनवर कोणाशी बोलायचं नाही असं वकीलसाहेबांनी बजावलंय. कंपनीचे लोक कुठून काय ऐकतील याचा भरवसा नाही, म्हणतात. म्हणून पत्र.

मला काम मिळालं. झाईच्या अलीकडे केकी शेठची चिकूची वाडी आहे, तिथे. राखणीचं काम म्हणून बोलावलं, पण राखणीला लाहू आधीपासून आहे. माझं काम वेगळंच निघालं. शेठ सत्तरीच्या पुढचे, घरात एकटे. मागच्या पावसाळ्यात बांधावरून घसरले आणि डावा खांदा मोडला. तरुणपणी ते गोल्फ खेळायचे. टीव्हीवर दाखवतात तो, लांब काठीने बॉल मारायचा खेळ. खांदा जुळला, पण पूर्वीसारखा फिरत नाही. त्यांना परत ती काठी फिरवायची आहे. दोन चिकूंच्या मध्ये जाळी बांधलीय, तिच्यात बॉल मारतात. मी समोर उभं राहायचं आणि डावा खांदा हनुवटीखाली आला की नाही ते सांगायचं. आला तर आला, नाही तर नाही. मग बॉल गोळा करायचे, वाडीला पाणी सोडायचं.

पहिल्या दिवशीच त्यांनी विचारलं, उजव्या हाताला काय झालं. मी सांगितलं की दीड वर्षापूर्वी कंपनीत मशीनच्या पट्ट्यात ओढला गेला, तेव्हापासून वर जात नाही, आणि कंपनी म्हणते मोटरसायकलवरून पडला. ते म्हणाले, "कोर्टात गेलास?" मी हो म्हटलं. मग काठी उचलून जाळीकडे गेले.

दक्षा खूश आहे. दीड वर्षाने तिचा नवरा सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडतोय. भाऊजींना नमस्कार सांग.

उमेश


आश्रमशाळा, मोखाडा तालुका
२४ जानेवारी २०१७

उमेश,

पत्र दोनदा वाचलं. काम मिळालं याचा आनंद झाला असं लिहायला बसले होते, पण मला काही गोष्टी पटत नाहीत.

एका हाताच्या माणसाला कोण कामावर ठेवतं? खांदा आला, नाही आला एवढं सांगायला माणूस कशाला लागतो? शेठकडे आरसा नाही? आणि त्या माणसाने पहिल्याच दिवशी कोर्टाचं का विचारलं? हात दुखतो का, औषध काय घेतोस, असं कोणीही विचारेल. कोर्टात गेलास का, हे ज्याला जाणून घ्यायचं असतं तोच विचारतो.

तुझं लहानपणापासून असंच आहे. कोणी जवळ बसवून चहा पाजला की तू त्याला घरचं सगळं सांगतोस. कंपनीचं आणि त्या शेठचं काही आहे का, ते लाहूला विचार. आडून विचार. सरळ विचारशील तर तो शेठला जाऊन सांगेल.

हे शनिवारी चारोटीहून येतात. हॉटेलच्या गल्ल्यावर बसतात, बोईसरच्या कंपन्यांच्या गाड्या, तुझ्या कंपनीच्याही, तिथेच थांबतात. मी त्यांनाही म्हटलंय, कान उघडे ठेवा.

दक्षाला आशीर्वाद. पत्राला उत्तर लगेच दे.

निर्मला


तलासरी
५ मार्च २०१७

ताई,

तू म्हणालीस म्हणून लाहूला विचारलं. तो म्हणाला, कंपनीच्या मोठ्या साहेबाची गाडी दर थंडीत वाडीवर येते आणि चिकूच्या पेट्या घेऊन जाते. मला हे लपवता आलं असतं, पण तुझ्यापासून लपवत नाही. चिकू तर अर्धी मुंबई नेते इथून. त्यावरून काय समजायचं?

आता दुसरी गोष्ट. शेठ कसरती करत तेव्हा मी समोर उभा राहून नुसता बघत असे. एक दिवस ते आत पाणी प्यायला गेले, तेव्हा मी त्यांच्यासारखी काठी छातीवर आडवी धरली. ते मागून आले. मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, "अरे, हात नको उचलू. हात विसर. खांदा फिरव, हात आपोआप येतो." तेव्हापासून दोघं मिळून करतो. त्यांचा डावा, माझा उजवा.

पहिली कसरत अशी. काठी छातीवर आडवी, दोन्ही हात एकमेकांवरून दोन खांद्यांवर, कमरेतून थोडं वाकायचं आणि काठीचं डावं टोक बॉलकडे येईपर्यंत छाती उजवीकडे फिरवायची. पाय जागचे हलता कामा नयेत. नंतर मागचा भाग चिकूच्या खोडाला टेकवून तेच करायचं, खोड सुटलं की चुकलं. मग उजव्या काखेत फडकं धरून खरी काठी मागे न्यायची. फडकं पडलं म्हणजे तू हात उचललास, अंग फिरवलं नाहीस, असं शेठ म्हणतात. माझं फडकं पहिले कितीतरी दिवस पडत होतं. आता पडत नाही.

ताई, मी सकाळी शर्टाची बाही स्वतः चढवतो. डोक्यावर पाणी ओतायला अजून डावाच हात लागतो, पण बाही चढते. दक्षाने बघितलं आणि ती चुलीपाशी जाऊन बसली.

शेठ खुर्चीत बसून मोबाईलवर फोटो काढतात, कोणाचा खांदा कुठे अडला ते बघायला. डहाणू रोडला जाऊन मोठे करून आणतात. एकदा दक्षा डबा घेऊन आली होती, ती त्यात आली. तो फोटो मी मागून घेतला. तुला पाठवतोय. एकच आहे, सांभाळून ठेव.

उमेश


आश्रमशाळा
२१ मार्च २०१७

उमेश,

फोटो बघून डोळ्यांत पाणी आलं. तुला असा ताठ उभा बघून किती दिवस झाले. दक्षाही छान आली आहे, पदर तोंडाशी धरलाय. मी तो लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, बाहेर कोणाला दिसायला नको.

आणि बाहेर दिसायला नको हेच मला तुला सांगायचं आहे. त्या फोटोत तुझे हात खांद्याच्या वर गेलेले दिसतात. काठी पार डोक्यामागे. तू धडधाकट माणूस दिसतोस. कंपनीच्या वकिलाच्या हातात असा एक फोटो पडला तर तुझ्या केसचं काय राहील?

आता नीट विचार कर. हा माणूस तुला कामावर ठेवतो. काठी हातात देतो. स्वतः खाली बसून, हात उंच दिसेल असा फोटो काढतो. आणि दर थंडीत कंपनीच्या साहेबाला पेट्या देतो. हे सगळं वेगवेगळं ठेवलं तर काहीच नाही. एकत्र ठेव, मग बघ.

मी हे यांनाही दाखवलं. ते हसले. म्हणाले, तुझा भाऊ साहेब झाला. पुरुषांना काही कळत नाही.

ती कसरत बंद कर. केस संपू दे, मग हात बरा कर.

निर्मला


तलासरी
१२ जून २०१७

ताई,

तुझंच खरं झालं.

वकीलसाहेबांनी बोलावून घेतलं होतं. कंपनीने कोर्टात अर्ज दिलाय की उमेशचा हात चांगला आहे, तो गोल्फ खेळतो, आणि त्याचा फोटो आहे. फोटो मी अजून पाहिला नाही. वकीलसाहेबांनीही धड पाहिला नाही. पण फोटो काढणारा जगात एकच माणूस आहे.

मी तसाच वाडीवर गेलो. शेठ खुर्चीत बसून काठ्या पुसत होते. मी उभ्याउभ्याच विचारलं, "शेठ, माझा फोटो कंपनीला कोणी दिला?"

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "तू मला विचारतोस, की सांगतोस?"

"सांगतो," मी म्हटलं.

त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं, घडी केली. मग म्हणाले, "जा."

एवढंच. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. येताना लाहू फाटकापर्यंत आला, त्याच्याशीही बोललो नाही. तो तरी कोणाचा आहे कोण जाणे.

उमेश


आश्रमशाळा
२७ जून २०१७

उमेश,

सुटलास. नाही म्हटलं नाही, यातच सगळं आलं. खरा माणूस तिथल्या तिथे शपथ घेतो.

कंपनीकडे तुझा कसलासा फोटो आहे, हे यांच्या कानावर मागच्याच महिन्यात आलं होतं. मी तुला कळवणार होते, पण शाळा उघडायची गडबड, मुलींचे प्रवेश, त्यात राहून गेलं. म्हणजे चारोटीपर्यंत बोभाटा झालाय.

आता मी सांगते तसं वाग. हात लोंबता ठेव. पाड्यात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. कोण बघत असेल सांगता येत नाही. कसरत अजिबात नको. कोर्टाने डॉक्टरसमोर उभं केलं आणि हात वर कर म्हणाले, तर पोटापर्यंत ने आणि थांब. दुखतं म्हण. खोटं बोल असं मी सांगत नाही. दुखतंच ना तुला?

दक्षालाही सांग, कोणी विचारलं तर बाही तीच चढवते.

निर्मला


तलासरी
१९ नोव्हेंबर २०१७

ताई,

उशीर झाला. भातकापणी होती. माझ्या हाताने नाही, दक्षा आणि तिच्या भावांच्या.

तू सांगितलंस तसा वागलो. हात लोंबता ठेवला. पावसाळ्यात तो परत आखडला. सप्टेंबरात बाही चढवायला गेलो तर अर्ध्यावर अडला. दक्षाने बाही चढवली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझा हात कंपनीने एकदा घेतला. आता तू स्वतः देतोयस."

मला सगळ्यांचाच संशय येतो. शेजारचा हाल्या रोज विचारतो, हात कसा आहे. पूर्वी मला बरं वाटायचं, आता मी हात पाठीमागे घेतो. रस्त्यावर अनोळखी मोटरसायकल थांबली की मी घरात जातो. एक माणूस झाडाखाली मोबाईल धरून उभा होता. मी दारामागून बघत बसलो. तो रेंज शोधत होता.

लाहू बाजारात भेटला. म्हणाला शेठनेही कसरत सोडली. समोर उभं राहायला कोणी नाही. जाळी पावसात फाटली, ती तशीच लोंबतेय.

हे तुला आवडणार नाही, पण लिहितो. घरामागे, कुंपणाला गोधडी टाकून, मी परत सुरुवात केलीय. काठी नाही, बांबू आहे. काखेत दक्षाचं जुनं लुगडं. पहिल्या दिवशी ते पडलं.

जानेवारीत तारीख आहे.

उमेश


तलासरी
१८ जानेवारी २०१८

ताई,

परवा ठाण्याला तारीख झाली. नीट, सगळं लिहितो.

कोर्टाने एक डॉक्टर बाई बोलावल्या होत्या. कंपनीच्या वकिलाने फोटो टेबलावर ठेवला आणि जज्जसाहेबांना म्हणाला की हा माणूस खोटं बोलतो. साहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, हा तूच का. मी वाकून बघितलं. मीच होतो. मी हो म्हटलं. आमच्या वकीलसाहेबांनी डोकं खाली घातलं.

मग बाईंनी मला मोकळ्या जागेत उभं केलं. म्हणाल्या, हात सरळ ठेवून बाजूने वर न्या. ताई, तू लिहिलं होतंस पोटापर्यंत ने आणि थांब. ठाण्याला जाताना गाडीत मी तेच मनात घोकत होतो. पण हात उचलताना मला थांबता आलं नाही. जिथपर्यंत जात होता तिथपर्यंत नेला. छातीच्या जरा खाली तो अडला, आणि अडला तो खरा अडला. कपाळाला घाम आला. बाईंनी खालून धरून हळू वर न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा मी ओरडलो. मला लाज वाटली.

कंपनीचा वकील म्हणाला, मग फोटोत कसा गेला? मी म्हटलं, "साहेब, त्यात हात जात नाही, अंग फिरतं." तो हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शिपायाकडून पडद्याची काठी मागवली. मला म्हणाल्या, फोटोत उभे आहात तसे उभे राहा. मी पाय रोवले, कमरेतून वाकलो, छाती फिरवली. काठी खांद्यामागे गेली. त्यांनी मला तसंच थांबायला सांगितलं आणि माझ्या काखेत बोट घालून बघितलं. दंड बरगडीला टेकलेला होता. बाई जज्जसाहेबांना म्हणाल्या, "सांधा उघडलेलाच नाही. हा पाठीने फिरला आहे." साहेब उठून पुढे आले आणि स्वतः बघितलं. निकाल पुढच्या तारखेला आहे.

आता जे लिहायला मी दोन दिवस थांबलो ते. फोटोत दक्षा आहे. पदर तोंडाशी धरून, हातात डबा. शेठच्या मोबाईलमध्ये माझे कितीतरी फोटो असतील, पण हा कागदाचाच फोटो कोणीतरी परत मोबाईलवर काढलेला आहे. चारी बाजूंना हिरवा लोखंडी पत्रा दिसतो. तुमच्या कपाटाचा रंग कोणता आहे, ताई?

उमेश


आश्रमशाळा
२ फेब्रुवारी २०१८

उमेश,

हिरवा आहे. तुला माहीत आहे.

हे शनिवारी आले तेव्हा विचारलं. मी भाकऱ्या थापत होते, पाठमोरीच विचारलं, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही. ते म्हणाले, हो, काढला होता मोबाईलवर, त्यात काय. हॉटेलात सगळ्यांना दाखवला. माझा मेव्हणा साहेब लोकांचा खेळ खेळतो, असं कौतुकाने दाखवला. मी विचारलं, कंपनीचं कोणी होतं का? ते म्हणाले, "गल्ल्यावर येणारा कुठला कोण, हे मी विचारत बसतो का?"

हे खरं असू शकतं. त्यांना मिरवायची हौस आहे, तुला माहीत आहे.

पण मागच्या पावसाळ्यापासून कंपनीच्या रात्रपाळीचं जेवण त्यांच्या हॉटेलातून जातं. पूर्वी जात नव्हतं. मालक यांच्यावर खूश आहे. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, जुलैमध्ये, पेढे आणले होते. तेव्हा मी दोन खाल्ले.

मी यापुढे काही विचारलं नाही. ते जेवले, झोपले, सोमवारी गेले. चूळ भरताना, चप्पल घालताना, मी त्यांच्याकडे बघत राहिले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि मला ते तोंड वाचता येईना.

परक्या माणसावर मी पहिल्या पत्रात संशय घेतला. त्याचं एक अक्षर खोटं निघालं नाही. घरात बघायचं मला सुचलं नाही.

तुला काय करायचं ते कर. केकी शेठकडे जा, एवढं मात्र कर.

निर्मला


तलासरी
२२ एप्रिल २०१८

ताई,

निकाल लागला. अपघात कंपनीतच झाला हे कोर्टाने मान्य केलं. हात पूर्ण गेला असं आपण मागितलं होतं, ते मानलं नाही. थोडा सुधारलाय, म्हणून तेवढं कमी धरलं. वकीलसाहेब हळहळले. म्हणाले, तू त्या दिवशी थोडा खाली थांबला असतास तर. दक्षा म्हणाली, बरं झालं नाही थांबला. मोटरसायकलवरून पडला, हे आता कोणी म्हणणार नाही, मला तेवढं पुष्कळ.

भाऊजींना मी काही विचारणार नाही. त्यांनी कौतुकानेच दाखवला असेल, असं मी धरून चालतो. तू काय धरायचं ते तू ठरव. तुला त्या घरात राहायचं आहे, म्हणून मी काही सांगत नाही. सुट्टीत दोघं या, एवढंच सांगतो. दोघं या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. फाटकातच उभा राहिलो. लाहूने आत जाऊन सांगितलं. शेठ बऱ्याच वेळाने आले, काठीच्या आधाराने. खांदा पुढे पडलाय त्यांचा. मी म्हटलं, "शेठ, चूक झाली माझी. तुम्ही दिला नव्हता." ते म्हणाले, माहीत आहे मला, मी दिला नव्हता. मी विचारलं, तेव्हा तसं बोलला का नाहीत. ते म्हणाले, "तू विचारायला आला नव्हतास."

मग फाटकाच्या त्या बाजूला उभं राहूनच त्यांनी कोर्टाचं सगळं विचारलं. बाईंनी काखेत बोट घातलं ते ऐकून त्यांनी मान हलवली. शेवटी म्हणाले, "मग फोटो कोणी दिला?"

ताई, मी म्हटलं, "ते काही कळलं नाही, शेठ."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घेतली नाही, पण घेतली असती तरी चाललं असतं, इतकं त्यांना कळलं होतं. लाहू गुरं हाकायच्या निमित्ताने बाजूला गेला.

"म्हणजे तुझा माझ्यावरचा संशय गेला," ते म्हणाले, "आणि आता माझा तुझ्यावर आला."

त्यांनी फाटकाची कडी काढली. म्हणाले, "तो जायला वेळ लागेल. सकाळी सातला ये."

दुसऱ्या दिवशी सातला मी गेलो.

उमेश